डोंगरवाटेची निगा



आमचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. गावाच्या वर, डोंगराच्या पदरात, धनगरवाडा आहे. वाड्यावर गाडी जात नाही. एक पायवाट तेवढी जाते. ती दीड-दोन किलोमीटर लांब आहे. या वाटेने पोरे शाळेत येतात. दुधाच्या किटल्या खाली येतात. मीठ-मिरची आणि औषधपाणी वर जाते. वाड्याचा सारा संसार या एका वाटेवर चालतो.

जुलै २०२१ ची गोष्ट. त्या महिन्यात आपल्या डोंगरी भागात केवढा पाऊस कोसळला, ते सर्वांना ठाऊक आहे. वाड्यावर एक लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री तिला कळा लागल्या. माणसांनी घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि निघाले. पण वाट कुठे राहिली होती? तिचा ओढा झाला होता. गुडघाभर खोल घळ पडली होती. दोन गडी घसरले. एकाचा पाय मुरगळला. पाऊण तासाच्या वाटेला तीन तास लागले. बाई वाचली. मूल वाचले नाही.

“पावसापुढे कोणाचे काय चालते?” असे लोक म्हणाले. आम्हीही तसेच म्हणालो. पण मनाला ते पटेना.

अहो, वाट आम्ही दरवर्षी दुरुस्त करीत होतो! दिवाळी झाली की घमेली घेऊन जायचे, घळीत माती भरायची आणि धुमसायची. पुढच्या पावसात ती माती वाहून जाई. पुन्हा दिवाळीनंतर तेच काम. शाळेत आम्ही मुलांना वर्षानुवर्षे शिकवले की पाणी उताराकडे धावते. तेच ज्ञान आपल्या वाटेवर वापरावे, हे आम्हाला सुचले नाही.

त्याच वर्षी गणपतीला आमचा एक जुना विद्यार्थी गावी आला. तो पुण्यात नोकरी करतो. त्याला डोंगरात सायकल चालवायचा नाद आहे. तो वाट बघून आला आणि म्हणाला, “गुरुजी, माती कशाला भरता? आधी पाणी बाहेर काढा.” हे त्याला कसे कळले, असे आम्ही विचारले. तेव्हा त्याने सायकलवाल्यांची हकीकत सांगितली.

सायकलवाल्यांची हकीकत

डोंगरात चालवायची सायकल निराळी असते. तिचे टायर जाड असतात आणि सांगाडा भक्कम असतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथे १९७० नंतरच्या काळात काही तरुण डोंगरवाटांवर सायकली पळवू लागले. पुढे पायी चालणारे लोक तक्रार करू लागले. सायकली अंगावर येतात, वाटा खराब होतात, असे ते म्हणत. मग बऱ्याच वाटा सायकलींना बंद झाल्या.

तेव्हा १९८८ साली तिथल्या पाच सायकल मंडळांनी एकत्र येऊन एक संघ काढला. नुसते भांडून वाट मिळायची नाही, हे त्यांनी ओळखले. वाट वापरणाऱ्याने वाट राखलीही पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि कुदळी हाती घेतल्या.

दुसरे उदाहरण न्यूझीलंड देशातले आहे. तिथे वेलिंग्टन हे राजधानीचे शहर आहे. शहराच्या कडेला मकारा नावाचा ४१२ मीटर उंचीचा डोंगर आहे. पूर्वी तिथे गुरे चरत. पुढे काटेरी झुडपे माजली. १९९८ साली नगरपालिकेने सुमारे २०० हेक्टर जागा सायकलींसाठी राखून ठेवली. जागा नगरपालिकेने दिली आणि हात लोकांनी दिले. सुट्टीच्या दिवशी नोकरदार माणसे, विद्यार्थी, बायका, पोरे जमू लागली. आज त्या डोंगरावर जवळजवळ ४० किलोमीटरच्या वाटा आहेत. लोकांनी हजारो देशी झाडेही लावली.

ती माणसे हौसेसाठी वाट राखतात. आपल्याला तर वाट जीवासाठी हवी. मग आपण किती राखली पाहिजे?

वाट का मोडते?

पायांनी वाट झिजते, पण ती मोडते पाण्याने. माणसे आणि गुरे चालून वाटेचा मधला भाग खोल होतो. कडेला मातीचा वरंबा साचतो. पाऊस पडला की पाणी या वरंब्यात अडकते. त्याला बाहेर जाता येत नाही, म्हणून ते वाटेनेच खाली धावते. धावता धावता जोर धरते, माती नेते आणि घळ पाडते.

वाट डोंगरावरून सरळ खाली येत असेल, तर मग बघायलाच नको. पाणीही सरळ धावते. वाट डोंगराच्या कुशीने आडवी गेली, तर पाणी तिला ओलांडून पलीकडे जाऊ शकते.

काय करावे?

पहिली गोष्ट, पाऊस पडत असताना इरले किंवा छत्री घेऊन वाटेवर जा. पाणी कुठून वाटेवर येते, कुठे साचते, कुठे धावते, ते बघा. तिथे दगड ठेवून खूण करा. उन्हाळ्यात हे दिसत नाही.

दुसरी गोष्ट, कडेचा वरंबा फावड्याने काढून टाका. वाटेची दरीकडची कड थोडी खाली ठेवा. वाट एक मीटर रुंद असेल, तर बाहेरची कड तीन बोटे खाली असावी. एवढा कल पुरतो. चालणाऱ्याला तो जाणवत नाही, पण पाण्याला बरोबर कळतो.

तिसरी गोष्ट, उतारावर ठिकठिकाणी पसरट खोलगा करा. त्याच्या खालच्या अंगाला मातीचा हलका उंचवटा करून चोपून बसवा. खोलग्याचे तोंड दरीकडे तिरपे असू द्या. म्हणजे पाणी जोर धरण्याआधीच बाहेर पडते. तोंड रुंद ठेवा. अरुंद चर पहिल्याच पावसात पाल्याने बुजतो. पाणी कोणाच्या शेतात किंवा घरावर जाणार नाही, हेही बघा.

चौथी गोष्ट, जिथे वाट फार उभी आहे, तिथे तिला वळसा द्या. दहा पावले पुढे जावे तेव्हा एक पाऊल चढावे, असा चढ टिकतो. नवी वाट झाली की जुन्या वाटेवर दगड आणि काट्या टाका. नाहीतर पाणी आणि माणसे जुन्याच वाटेने जातात.

पाचवी गोष्ट, भरावाला काळी माती किंवा पालापाचोळा घालू नका. त्याचा चिखल होतो. मुरूम घाला आणि चोपा. दलदल असेल तिथे सपाट दगड बसवा. चिखल चुकवून कडेकडेने चालू नका. त्याने वाट रुंद होते आणि चिखलही वाढतो.

सहावी गोष्ट, वाटेवर येणाऱ्या फांद्या कोयत्याने छाटा, पण झाड मुळासकट उपटू नका. मुळे माती धरून ठेवतात. जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या. कोणाच्या मालकीची असेल तर त्याला विचारा. न विचारता केलेले चांगले कामही भांडणाला कारण होते.

काम कोणी करावे?

काही जण म्हणतील, “हे सरकारचे काम. आम्ही का करावे?” रस्ता मागणे हा आपला हक्क आहे. ग्रामसभेत तो जरूर मागा. पण रस्ता होईपर्यंत पाय याच वाटेवर पडणार. कळा लागलेली बाई रस्त्याची वाट बघत थांबत नाही.

आणखी एक. वाट वाड्याची, म्हणून काम वाड्याने करायचे, हे बरे नव्हे. खालचे लोकही त्या वाटेने सरपणाला आणि गुरांमागे जातात. दूध तर सारे गाव पिते. आमच्या गावात पहिल्या दिवशी नऊच माणसे आली. वाट नेमकी कुठे घात करते, ते वाड्यावरच्या बायकांनी सांगितले. डोक्यावर ओझे घेऊन उतरणाऱ्याइतकी वाट कोणाला कळणार?

मग आम्ही वाटेचे दहा तुकडे केले. एकेक तुकडा चार-पाच घरांकडे दिला. मे महिन्यात दोन दिवस सर्वांनी मिळून मोठे काम करायचे. पावसाळ्यात ज्याने त्याने आपल्या तुकड्यातल्या खोलग्यांची तोंडे साफ करायची. त्याला अर्धा तास लागतो. दिवाळीनंतरचे माती भरण्याचे काम आता जवळजवळ संपले आहे.

वाट अजून कच्चीच आहे. एका ठिकाणी दरवर्षी दगड खाली येतात. तिथे आमचा इलाज चालत नाही. ते काम ग्रामपंचायतीकडे लिहून दिले आहे. पण भर पावसात झोळी घेऊन उतरता येते. मागच्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्याला तासाभरात खाली आणले. तो आज अंगणात बसून घोंगडी विणतो आहे.

ते मूल गेले. ते परत येणार नाही. पण पुढच्या मुलासाठी वाट राखणे आपल्या हातात आहे.

प्रश्न

१. दरवर्षी माती भरूनही वाट का मोडत होती?
२. वाटेची बाहेरची कड थोडी खाली का ठेवावी?
३. पाऊस पडताना वाट का बघावी?
४. तुमच्या गावात सर्वांनी मिळून राखावी अशी कोणती वाट आहे? तिचे तुकडे कोणाकोणाला द्याल, ते वहीत लिहा.