रंगांधळेपणा : आईला दोष देण्याआधी हे वाचा

पोलीस, रेल्वे किंवा सैन्याच्या भरतीत मुलगा धावण्यात निघतो, लेखी परीक्षेत निघतो आणि मेडिकलला अडकतो. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा त्याला वाचता येत नाही. घरी हे कळलं की पहिलं बोट आईकडे जातं. ‘हे तुझ्या माहेरचं,’ असं तिला ऐकवलं जातं. वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करताना हे बोलणं आमच्या कानावर येतं. म्हणून रंगांधळेपणा पिढीतून पिढीत कसा येतो, ते या वेळी समजून घेऊ.

रंगांधळेपणा म्हणजे काय?

आपल्या डोळ्यांच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांतल्या लाल किंवा हिरवा रंग टिपणाऱ्या पेशी नसल्या किंवा नीट काम करत नसल्या, की लाल, हिरवा, तपकिरी या रंगांत गल्लत होते. अशा माणसाची नजर चांगली असते, त्याला सगळं काळं-पांढरंही दिसत नाही. पण झाडावरचा पिकलेला टोमॅटो पानांतून पटकन वेगळा ओळखू येत नाही. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन डाल्टन आणि त्यांचे भाऊ दोघेही असेच होते. डाल्टन यांनी १७९४ साली आपल्याच नजरेवर निबंध वाचला होता.

मुलांमध्ये जास्त का?

मुलगा की मुलगी हे वडिलांकडून ठरतं, हे आपण अनेकदा सांगितलं आहे. बाईकडे एक्स-एक्स अशी गुणसूत्रांची जोडी असते, पुरुषाकडे एक्स-वाय. लाल-हिरवा रंग ओळखण्याची जनुकं एक्सवर असतात, वायवर नसतात.

मुलाला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून. त्यावर दोष असला तर सावरायला दुसरा एक्स नसतो. मुलीला दोन एक्स मिळतात. एक बिघडलेला असला तरी दुसरा काम सांभाळतो. तिला रंग सहसा नीट दिसतात, पण तो दोष ती पुढे देऊ शकते. अशा बाईला वाहक म्हणतात. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे एक रंगांधळा असतो, तर बायकांत २०० मागे एक. भारतात पुरुषांमधलं प्रमाण यापेक्षा कमी आढळतं.

घरातलं गणित

१) वडील रंगांधळे, आई निर्दोष : एकही मुलगा रंगांधळा होत नाही. सगळ्या मुली वाहक होतात.

२) आई वाहक, वडील निर्दोष : प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. प्रत्येक मुलगी वाहक होण्याचीही निम्मी शक्यता. दर बाळंतपणाला नाणं नव्यानं उडतं. पहिला मुलगा रंगांधळा झाला म्हणून दुसरा सुटेल, असं नाही.

३) आई वाहक, वडील रंगांधळे : मुलगा असो की मुलगी, दोघांनाही निम्मी शक्यता.

४) आई रंगांधळी, वडील निर्दोष : सगळे मुलगे रंगांधळे, सगळ्या मुली वाहक.

म्हणजे बापाचा हा दोष लेकाला मिळत नाही. तो लेकीतून नातवाला जातो. मुलाच्या आईला तो तिच्या वडिलांकडूनही आलेला असू शकतो. तिनं तो निवडलेला नाही, तिच्या वडिलांनीही नाही. आणि मुलगी रंगांधळी असेल, तर तिचे वडील रंगांधळे असतातच.

मामाच्या मुलीशी लग्न ठरवताना हे लक्षात ठेवा. मामा रंगांधळा असेल तर त्याची मुलगी वाहक असतेच. आत्याचा मुलगाही रंगांधळा असेल, तर त्यांच्या मुली-मुलांना वर दिलेलं तिसरं गणित लागू होतं.

सिकलसेलचं गणित वेगळं आहे. तिथे आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच आजार होतो, आणि मुलगा-मुलगी दोघांना धोका सारखाच असतो.

काय करायचं?

मूल पानं तपकिरी रंगवतं, रंगीत खडू चुकीचे उचलतं, तर त्याला मारू नका, हसू नका. सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात इशिहारा तपासणी करून घ्या. ठिपक्यांच्या चित्रांची ही तपासणी पाच-दहा मिनिटांत होते आणि दुखत नाही. दहावीच्या आधीच ती करा, म्हणजे भरतीच्या तयारीत वर्षं आणि पैसा जाणार नाही.

जन्मजात रंगांधळेपणावर गोळी, थेंब किंवा काढा नाही. बरा करतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पण दारंही सगळी बंद नाहीत. २०२० पासून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना मिळू शकतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रंगांधळ्या उमेदवारांना सगळे अभ्यासक्रम खुले करावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलं.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. आधी रंग नीट दिसत होते आणि आता बदलले, तर ते वारशानं आलेलं नाही. टीबीच्या औषधांतल्या इथॅम्ब्युटॉलमुळे लाल-हिरव्यात गोंधळ होऊ शकतो. बाई असो वा पुरुष, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि घरात आईकडे बोट गेलं, तर हे पान पुढे करा.