पिंजऱ्यातील घोरपड आणि मालकाची अमानत

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-अनआममध्ये (आयत 38) जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना माणसांसारखेच समुदाय म्हटले आहे. प्रत्येक जिवाला अल्लाहने त्याची स्वतंत्र जीवनपद्धती आणि रोजी नेमून दिली आहे. अशा जिवाला आपण घरात आणतो तेव्हा ती जीवनपद्धती आणि ती रोजी आपल्या हाती येते. आपण तिला मालकी म्हणतो. वस्तुतः ती अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो.

मांजर किंवा कबुतर यांच्याबाबत हे सहज पटते. परंतु हल्ली मोबाइलवर परदेशातील लोक खांद्यावर घोरपड घेऊन फिरताना दिसतात आणि मुले तशीच एक आणण्याचा हट्ट धरतात. म्हणून अमानतीचा हा नियम या अवघड प्राण्याला लावून पाहू या.

इस्लामने प्राणी पाळण्यास मनाई केलेली नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या लहान भावाने, अबू उमैरने, एक छोटा पक्षी पाळला होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्याची प्रेमाने चौकशी करीत. दुसरीकडे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्या स्त्रीची हदीस आहे, जिने मांजर कोंडून ठेवले आणि त्यापायी ती शिक्षेस पात्र ठरली. तिने त्याला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंगी खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. अल्लाहने त्या मांजराची रोजी जमिनीवर ठेवलेली होती. ती स्त्री मांजर आणि त्याची रोजी यांच्यामध्ये उभी राहिली. कोणताही प्राणी पाळणारा नेमका याच जागी उभा असतो. म्हणून पाळण्यापूर्वी त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा प्राणी ठेवण्याचा मला हक्क आहे काय?

भारतात याचे उत्तर स्पष्ट आहे. येथे आढळणाऱ्या सर्व घोरपडी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणे, विकणे वा घरात बाळगणे हा गुन्हा असून शिकारीसाठी 3 ते 7 वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. मांस, तेल आणि कातडी यांच्या हव्यासापायी हा प्राणी मारला जातो. ‘हत्था जोडी’ नावाची तथाकथित मुळी बरकतीसाठी विकली जाते. ती प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. ज्याचा विश्वास अल्लाहवर आहे, त्याने अशा वस्तूत बरकत शोधणे हा श्रद्धेचाच घात आहे. चोरट्या बाजारातून आणलेल्या प्राण्याला कितीही प्रेमाने वाढवले, तरी मुळातला अन्याय पुसला जात नाही. तेव्हा महाराष्ट्रात घोरपडीचा जबाबदार मालक होण्याचा मार्गच नाही. जबाबदार शेजारी मात्र होता येते. पावसाळ्यात ती अंगणात आली तर काठी उचलू नये. तिच्यात माणसाला जीवघेणे ठरेल असे विष नसते. मुलांना दूर ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

दुसरा प्रश्न : मला या प्राण्याचे ज्ञान आहे काय?

येथे आपल्या घरांतील एक जुना गोंधळ उपयोगी पडेल. हदीसमध्ये ‘दब्ब’ नावाच्या प्राण्याचा उल्लेख आहे. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी तो प्रेषितांसमोर (स.) खाल्ला, प्रेषितांनी मात्र खाल्ला नाही. उर्दू अनुवादांत त्याला अनेकदा ‘गोह’ म्हटले जाते आणि गोह म्हणजे घोरपड. परंतु दब्ब हा काटेरी शेपटीचा, मुख्यतः वनस्पती खाणारा वाळवंटी सरडा आहे. घोरपडीला अरबीत ‘वरल’ म्हणतात आणि ती मांसाहारी आहे. हिजरी 808 मध्ये निवर्तलेले विद्वान अद्-दमीरी यांनी आपल्या प्राणिकोशात दोघांची नोंद वेगवेगळी केली आहे. नावाची ही चूक ग्रंथात झाली तर सुधारता येते. पिंजऱ्यात झाली तर जिवावर बेतते.

अमेरिका-युरोपात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना, तेथील कायदा परवानगी देत असल्यास, पश्चिम आफ्रिकेतील सॅव्हाना घोरपड दुकानात मिळते. ती वीतभर असताना गोजिरवाणी दिसते आणि पुढे तीन-चार फूट होते. तिला खोलीच्या मोठ्या भागाएवढी जागा, बिळे खणण्यासाठी खोल माती, 45 अंश सेल्सियसहून अधिक तापणारी ऊन खाण्याची जागा आणि अतिनील किरणांचा दिवा लागतो. तिचे नैसर्गिक अन्न मुख्यतः कीटक व गोगलगाई हे आहे. उंदरांवर पोसल्यास ती लठ्ठ होऊन आजारी पडते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून तिला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, स्वयंपाकघरात तिला आणू नये आणि पाच वर्षांखालील मुलांपासून दूर ठेवावे.

तिसरा प्रश्न : हे मी शेवटपर्यंत निभावीन काय?

नीट सांभाळल्यास हा प्राणी दहा वर्षांहून अधिक जगतो. हट्ट धरणारा मुलगा तोवर महाविद्यालयात गेलेला असतो. मग काही लोक कंटाळून प्राणी बाहेर सोडून देतात. परक्या भूमीत सोडणे म्हणजे मुक्ती नव्हे. फ्लोरिडातील केप कोरल येथे परदेशातून आणलेल्या नाईल घोरपडी 1990 च्या दशकापासून मोकळ्या वावरत आहेत आणि तेथील पक्ष्यांची अंडी व पिले फस्त करीत आहेत. कोणालाही इजा पोहोचवू नये, हे शरीअतचे मूलतत्त्व त्या पक्ष्यांनाही लागू आहे. सांभाळणे अशक्य झाल्यास प्राणी जाणकार संस्थेच्या स्वाधीन करावा.

एका अन्सारी सहाबींच्या बागेतील उंटाने प्रेषितांना (स.) पाहून अश्रू ढाळले, तेव्हा त्यांनी मालकाला विचारले की, ज्या प्राण्याची मालकी अल्लाहने तुला दिली, त्याच्याबाबत तू अल्लाहला भीत नाहीस काय? उंट निदान रडला. घोरपड उपाशी असली, थंडीने गारठली, तरी आवाज करीत नाही. जो जीव तक्रार करू शकत नाही, त्याच्याबाबत मालकाला अधिक जागरूक राहावे लागते.

मुलांचा हट्ट रागाने मोडू नये. हे तीन प्रश्न त्यांच्यासमोर मांडावेत आणि उत्तरे त्यांनाच शोधू द्यावीत. ‘मला आवडतो म्हणून मी त्याला त्याच्या जागी राहू देतो’, हे ज्या मुलाला समजले, तो अमानतीचा पहिला धडा शिकला. अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या निर्मितीचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.