रस्त्याला नाव देणारं कॉलेज

सानिकाची बारावी नुकतीच झाली आहे. वकील व्हायचं मनात घेऊन ती कऱ्हाडहून पुण्याला आत्याकडे आली आहे. आत्या तीस वर्षांहून अधिक काळ शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. सकाळी दोघी लॉ कॉलेजच्या टेकडीवर चढल्या. खाली झाडीतून कॉलेजची इमारत दिसत होती. तिथेच बसून झालेलं हे बोलणं.

सानिका: आत्या, पत्ता सांगताना सगळे 'लॉ कॉलेज रोड' म्हणतात. एवढ्या मोठ्या रस्त्याला कॉलेजचं नाव कसं काय?

आत्या: कॉलेज इथं आलं तेव्हा हा सगळा भाग गावाबाहेरचा होता. 'प्रभात' फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, तिचा स्टुडिओही याच बाजूला. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पलीकडे भांडारकर संस्था, ती 1917 ची. ओळखीची खूण म्हणून लोक कॉलेजचं नाव घ्यायला लागले आणि तेच रस्त्याला चिकटलं. कॉलेजचं पूर्ण नाव आयएलएस लॉ कॉलेज. 'इंडियन लॉ सोसायटी' ही संस्था 1923 मध्ये स्थापन झाली आणि 1924 मध्ये तिने हे कॉलेज सुरू केलं.

सानिका: त्याआधी पुण्यात कायदा शिकता येत नव्हता?

आत्या: शिकायचे, पण खासगी वर्गात. खुद्द लोकमान्य टिळक पुण्यात लॉ क्लास चालवायचे. फर्ग्युसन सोडल्यावर त्यांच्या चरितार्थाचं ते एक साधन होतं. पण क्लासमधून परीक्षेची तयारी होते, पदवी मिळत नाही. एलएल.बी.साठी मुंबई गाठावी लागे. तिथलं सरकारी लॉ कॉलेज 1855 चं. आता तूच विचार कर, साताऱ्याच्या किंवा सोलापूरच्या मुलाने मुंबईत राहून शिकायचा खर्च किती घरांना झेपत असेल?

सानिका: म्हणजे पुण्यात कॉलेज निघालं आणि ते अंतर कमी झालं.

आत्या: हो. आणि त्याच 1923 साली आणखी एक गोष्ट घडली, ती तुझ्यामाझ्यासाठी मोलाची आहे. बायकांना वकिलीची परवानगी देणारा कायदा त्या वर्षी झाला. कॉर्नेलिया सोराबजी हे नाव ऐकलंयस?

सानिका: नाही गं.

आत्या: जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बाई म्हणून पदवीही मिळाली नाही आणि वकिलीचा हक्कही नाही. तो हक्क मिळायला तीस वर्षांच्या वर गेली. आपण सनद घ्यायला जातो तेव्हा ही तीस वर्षं आठवावीत असं मला मनापासून वाटतं.

सानिका: मग हे कॉलेज कुणी चालवलं? सरकारने नाही ना?

आत्या: नाही, सोसायटीनेच. पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे. मुंबई हायकोर्टाचे वकील आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक. मिताक्षरा, व्यवहारमयूख हे ग्रंथ त्यांनी संपादित केले, त्यांचे इंग्रजी अनुवाद केले. ही पोथ्यांची हौस नव्हती. तेव्हा वारसा, दत्तक, एकत्र कुटुंबाची वाटणी असे दावे याच ग्रंथांच्या आधाराने चालायचे. संस्कृत न येणाऱ्या वकिलाला आणि न्यायाधीशाला मूळ वचन काय म्हणतं ते कळणार कसं? घारपुऱ्यांनी ते हाताशी आणून दिलं.

सानिका: पण आत्या, 'खासगी कॉलेज' म्हटलं की बाबांच्या कपाळावर आठ्या पडतात. खासगी म्हणजे देणगी, खासगी म्हणजे धंदा, असं ते म्हणतात.

आत्या: दादाची काळजी चुकीची नाही, पण 'खासगी' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आपण कोंबतो. इंडियन लॉ सोसायटी नोंदली गेली ती 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. अशा संस्थेचे सभासद असतात, मालक नसतो. ती बंद पडली तरी कर्ज फेडून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. आता संस्थेची ही टेकडी बघ. शहराच्या मधोमध एवढी जागा, पण ती कुणाच्या वारसाच्या सातबाऱ्यावर चढणार नाही. संस्था सरकारी नाही म्हणून तिला खासगी म्हणायचं, एवढंच.

सानिका: हे मला माहीतच नव्हतं. मग पदवी कोण देतं?

आत्या: विद्यापीठ. आधी मुंबई विद्यापीठ, 1949 मध्ये पुण्याला विद्यापीठ झाल्यावर पुणे विद्यापीठ, म्हणजे आजचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. आणि कायद्याचं शिक्षण कसं असावं हे ठरवते बार कौन्सिल ऑफ इंडिया, 1961 च्या वकील कायद्याने. हे तिघांचं काम आहे, कॉलेज शिकवतं, विद्यापीठ परीक्षा घेतं आणि बार कौन्सिल दर्जा राखते.

सानिका: इथून कोण कोण शिकून गेलं?

आत्या: प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर 1926 मध्ये एलएल.बी. झाले, म्हणजे कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. यशवंत विष्णू चंद्रचूडही इथलेच. ते सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश होते, तेवढा काळ त्या पदावर दुसरं कुणी राहिलेलं नाही. आणि तुझ्या कऱ्हाडचे यशवंतराव!

सानिका: यशवंतराव चव्हाण? इथे शिकले?

आत्या: हो, 1941 मध्ये वकिलीची पदवी घेऊन परतले आणि कऱ्हाडात वकिली सुरू केली. घरची परिस्थिती बेताची, वडील लहानपणीच गेलेले. मघाशी आपण अंतराचं बोलत होतो ना, ते यासाठीच.

सानिका: तू शिकायला होतीस तेव्हा कोण होतं?

आत्या: बी.कॉम. करून मी तीन वर्षांच्या एलएल.बी.ला आले तेव्हा सत्यरंजन साठे सर प्राचार्य होते. घटना आणि प्रशासकीय कायदा या विषयांतलं देशातलं मोठं नाव. न्यायालयांच्या सक्रियतेवरचं त्यांचं पुस्तक 2002 मध्ये आलं, ते आजही अभ्यासक वाचतात. सरकारी अधिकाऱ्याने दिलेला हुकूम म्हणजे देवाची आज्ञा नव्हे, त्याची कारणं विचारता येतात, हे मला प्रशासकीय कायद्याने शिकवलं. रेशनकार्ड नाकारायचं असो, परवाना रद्द करायचा असो, आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कोर्टात मी सगळ्यात जास्त वापरलं असेल तर हेच.

सानिका: मी बारावीनंतर येणार. मग मला पाच वर्षं?

आत्या: हो. पाच वर्षांचा अभ्यासक्रम देशात 1980 नंतरच्या दशकात रुजला. पुण्यात त्याला बरीच वर्षं बीएसएल एलएल.बी. म्हणायचे. पहिली तीन वर्षं अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांच्यासोबत कायद्याची ओळख, आणि पुढची दोन वर्षं निव्वळ कायदा. पदवीनंतर आलं तर तीन वर्षं. त्यापुढे एलएल.एम. शिवाय कामगार कायदे, करकायदे असे पदविका अभ्यासक्रम. कंपनीतली, बँकेतली नोकरदार माणसंही ते करतात. प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागेल.

सानिका: पण कायदा वर्गात बसून कसा शिकणार? पोहणं फळ्यावर शिकवल्यासारखं होईल.

आत्या: म्हणून चार विषय हाताने करायचेच आहेत. दावा, कैफियत, खरेदीखत यांचे मसुदे लिहायचे. व्यवसायाची नीती शिकायची. तडजोड, मध्यस्थी, लवाद यांचा सराव करायचा. आणि मूट कोर्ट. त्यात कल्पित खटला देतात, दोन बाजू वाटून देतात आणि तू उभी राहून युक्तिवाद करायचास. मध्येच न्यायाधीश अडवून प्रश्न विचारतात. पाठ केलेलं भाषण तिथे दोन मिनिटांत संपतं. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून बघायचा आणि नोंदी करायच्या. पाच वर्षांत किमान 20 आठवडे इंटर्नशिप.

सानिका: आणि गरिबांसाठी काही?

आत्या: हा प्रश्न तू विचारलास, मला बरं वाटलं. घटनेत 1976 मध्ये कलम 39अ आलं, पैसे नाहीत म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये. त्यासाठी 1987 चा विधी सेवा कायदा झाला. लॉ कॉलेजांमध्ये विधी साहाय्य केंद्रं असतात, इथेही आहे. आणि 2007 पासून या संस्थेत मानसिक आरोग्याच्या कायद्यावर काम करणारं एक केंद्र आहे. डॉ. सौमित्र पाठारे त्याचे संचालक. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या मसुद्यात त्यांचा वाटा होता. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच आधी धरायचं, गुन्हेगार म्हणून उभं करायचं नाही, आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची, असं त्या कायद्याचं कलम 115 सांगतं. ज्याची बाजू मांडायला कुणी नाही त्याच्यासाठी असा कायदा लिहायला मदत करणं, हेही लॉ कॉलेजचंच काम.

सानिका: आत्या, मी सीईटीची पुस्तकं आजच आणते.

आत्या: आण, पण त्याआधी उद्या अकराला माझ्याबरोबर कोर्टात ये. मागच्या बाकावर बस. पोटगीसाठी आलेली एक बाई आहे, तिची तारीख आहे. तिला कोर्टातलं काय समजलं आणि काय नाही, तेवढंच टिपून ठेव. संध्याकाळी मला सांग.