गोदामाच्या निविदेआधी

चि. बाळास,


सोसायटीच्या गोदामाची निविदा पुढच्या महिन्यात निघणार, असं तुझ्या आईनं सांगितलं. आपल्या इनामगावला कोठार नवं नाही. घोड नदीकाठच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 उत्खनन केलं, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीचं कोठार निघालं. धान्य कोरडं राहावं, एवढंच तेव्हाही पाहिलं असेल. ठेकेदार निवडताना तुम्हीही तेच बघा.

तुम्ही संचालक मात्र ‘कमी दर त्याला काम’ असं धरून बसलात. माझ्या नोकरीतलं एका शाळेचं बांधकाम अजून मनातून जात नाही. दर अंदाजपत्रकापेक्षा बावीस टक्के कमी आला, आम्ही खूश. जोत्यापर्यंत काम आलं, पहिलं बिल उचललं आणि माणूस फिरकला नाही. सळया दोन पावसाळे उघड्यावर गंजल्या, पोरं देवळात बसली. त्याच्या हातात तेव्हा आणखी पाच कामं होती. मी आधी विचारलंच नव्हतं.

म्हणून दोन लिफाफे मागवा. पहिल्यात पुरी केलेली अशीच कामं, तीन वर्षांचा ताळेबंद, चालू कामांची यादी, साइटवर कोण अभियंता राहणार ते. यात बसेल त्याचाच दराचा लिफाफा फोडायचा. निकष जाहिरातीतच छापा. दर कळल्यावर निकष बदललात तर आपल्या माणसासाठी बदलले असं गाव म्हणेल, आणि गाव चुकीचं नसेल. केंद्राच्या अर्थ खात्यानंही ऑक्टोबर 2021 मध्ये काही कामांत गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भार द्यायची मुभा दिली. तीही आधी जाहीर करूनच.

दर फार खाली असेल तर दर पृथक्करण मागा. सिमेंट-सळई सगळ्यांना जवळपास एकाच भावानं मिळते, मग वाचतं कुठं? स्वतःचं सेंट्रिंग, मिक्सर असेल तर ठीक. उत्तर पटलं नाही तर जादा सुरक्षा ठेव घ्या. ही अटही आधीच लिहा.

दाखल्यांवर थांबू नकोस. त्यानं तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेल्या गोदामावर भर पावसात जा. पत्रा आणि भिंत मिळते तिथं ओल बघ, कॉलमच्या पायथ्याशी खडी उघडी पडली आहे का बघ. आणि रखवालदाराला विचार, कुठल्या कोपऱ्यात पोती ठेवत नाही म्हणून. बॅटरी घेऊन जा, मीही येतो.

तुझा,
काका