सुईचे भय
“दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील,” हा धाक आपणच घरी घालतो. मग १० व्या व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस टोचताना मूल हंबरडा फोडते, यात नवल ते काय? “मुळीच दुखणार नाही” असेही सांगू नये. क्षणभर दुखेल, हे खरे सांगावे आणि लहानग्यास मांडीवर घेऊन गोष्टीत गुंतवावे.

कित्येक धट्टेकट्टे गृहस्थ (हसू नये!) सुई पाहताच घेरी येऊन पडतात. हा भित्रेपणा नव्हे. त्यांचा रक्तदाब एकाएकी उतरतो. अशांनी हातापायांचे स्नायू १०-१५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, आवळावेत, मग अर्धा मिनिट सैल सोडावेत; असे पाच वेळा करावे. टोचावयाचा दंड मात्र ढिलाच ठेवावा. पूर्वी घेरी आली असल्यास परिचारिकेस आधी सांगून आडवे पडूनच टोचून घ्यावे.