भरती झालीस, आता ऐक

पोरी, पोलीस भरतीच्या यादीत नाव आलं, पेढे वाटून झाले, चौकात फ्लेक्सही लागला. तो फ्लेक्स आधी उतरवायला सांग. ज्यांनी तो लावलाय त्यांच्याच दारात उद्या तुला समन्स घेऊन जावं लागेल, आणि फ्लेक्सचा खर्च लोक विसरत नाहीत.

आपल्या पाथर्डीकडे कुठल्याही वस्तीवर पहाटे डांबरीवर पळणारं एखादं पोर दिसतंच. पाऊस बेभरवशाचा, रान कोरडवाहू. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याच्या वाटेला. त्यातून सुटायच्या वाटा दोन-तीनच, त्यातली एक तू काढलीस. 800 मीटर, 100 मीटर, गोळाफेक, मग 100 मार्कांचा पेपर. त्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मला सांगायचंय ते पुढच्या दोन-तीन वर्षांचं, कारण नवीन माणसाला ठाण्यात कुणी बसवून शिकवत नाही.

प्रशिक्षण केंद्रात पहाटे पीटी, मग परेड, मग दुपारी कायद्याचा तास. त्या तासाला सगळा वर्ग डुलक्या घेतो. तू पुढच्या बाकावर बस. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण ठाण्यातले जुने हवालदार अजून ‘तीनशे दोन’ आणि ‘चारशे वीस’च म्हणतात. खून आता 103, फसवणूक 318, चोरी 303. नुसतं नवं पाठ करून भागणार नाही. त्या तारखेआधी घडलेले गुन्हे जुन्याच कलमांखाली चालतायत आणि ते खटले अजून बरीच वर्षं चालतील. वहीचं पान मधोमध दुमड, एकीकडे जुनं कलम, दुसरीकडे नवं. ती वही तुला पहिल्या वर्षी बंदुकीपेक्षा जास्त कामाला येईल.

पहिली नेमणूक आपल्या तालुक्यात मागू नकोस. इथे प्रत्येक जण तुझ्या चुलत्याचा तरी ओळखीचा नाहीतर मामाचा तरी. मिळेल मुख्यालय, गार्ड ड्युटी, आरोपी पार्टी, कोठडीचा पहारा. मुलं म्हणतात, एवढं पळून शेवटी कुलूपच राखायचं का? सिनेमात अमेरिकेतला शेरीफ बघतो ना आपण, तो तिकडे निवडून येतो, आणि त्याच्या हाताखालच्या नव्या डेप्युटीलाही पुष्कळ ठिकाणी आधी तुरुंगाच्या पहाऱ्यावरच ठेवतात. आपल्या मुंबईतही शेरीफ असतो, नगरपाल म्हणतात त्याला. पण ते वर्षभराचं मानाचं पद, त्याच्याकडे कोठडी नसते. तुझ्याकडे असेल.

म्हणून कोठडीचं नीट ऐक. पहारा हाती घेताना आधीच्या अंमलदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. आत किती माणसं ते स्वतः मोज. पट्टा, नाडी, करदोटा, बुटाची लेस काढून घेतलीय का बघ. कुणाच्या अंगावर वळ आहे का, कुणी दारूच्या नशेत आहे का, कुणाला फिट येते का, कुणाची रोजची गोळी आहे का, सगळं विचार आणि तुझ्या सहीने डायरीला नोंद घे, वेळेसकट. आरोपीला 24 तासांच्या आत कोर्टापुढे उभं करायचं असतं. तो हिशेब अधिकाऱ्याचा असला तरी तूही मनात धर. रात्री तीन वाजता आतला माणूस कण्हला आणि ‘नाटक करतोय’ असं कुणी म्हणालं, तरी तू ठाणे अंमलदाराला उठव, दवाखान्याची नोंद होऊ दे. कोठडीत माणूस दगावला की चौकशी लागते, आणि चौकशीत सगळ्यात आधी पहाऱ्यावरच्या शिपायाचं नाव निघतं.

आता मुख्य गोष्ट. जे पाहिलंस ते तेव्हाच लिही, आणि पाहिलंस तेवढंच लिही. आपल्याकडे आरोपी सुटतात ते पुष्कळदा वेळेच्या घोळावरून आणि पंचनाम्यावरून. समज, वस्तीवर घरफोडी झाली. तू बीट अंमलदाराबरोबर गेलीस. निघालात किती वाजता, पोहोचलात किती वाजता, दाराचा कोयंडा उचकटलेला होता की कापलेला, पेटी कुठल्या दिशेला पडली होती, उजेड कशाचा होता, हे तिथल्या तिथे वहीत उतरव. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कायद्यानेच करायचं आहे, तेव्हा मोबाइल चार्ज हवा आणि हात स्थिर हवा. मुद्देमाल पंचांच्या डोळ्यांदेखत पाकिटात घालायचा, लेबलवर त्यांच्या सह्या, वर लाखेचं सील. ‘सील ठाण्यात जाऊन करू’ असं कुणी म्हणालं, तर नव्या शिपायाला बोलायची सोय नसते, मान्य. पण किमान तुझ्या वहीत खरी वेळ राहू दे. चार-पाच वर्षांनी साक्षीला उभी राहशील तेव्हा पंच फितूर झालेला असेल, तपासी अधिकारी बदलून गेला असेल, आणि आरोपीचा वकील विचारेल, ‘बाई, पेटीचं झाकण उघडं होतं की बंद?’ आठवत असेल तर सांग. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हण. ठोकून देणारा पोलीस सरकारी वकिलालाही नको असतो.

बाईमाणूस म्हणून तुला काही कामं जास्तीची पडतील, ती आधीच माहीत असू देत. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवाद म्हणूनच, तीही महिला अधिकाऱ्याने, न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन. बाईची झडती बाईनेच घ्यायची. ठाण्यात महिला अंमलदार मोजक्या, त्यामुळे अपरात्रीचं बोलावणं तुलाच येणार. लॉकरमध्ये साध्या कपड्यांचा एक जोड कायम ठेव. लहान लेकराचा पोक्सोखालचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, आणि जबाब घेणाऱ्याने वर्दी घालायची नसते. जबाब घेईल फौजदार बाई, पण लेकराजवळ बसशील तू. तिथे ‘बोल ना, घाबरू नको’ असं दहादा म्हणू नकोस. गप्प बस, पाणी दे. आणि त्या पोरीचं नाव, गाव, शाळा घरी आईलासुद्धा सांगायची नाही. पीडितेची ओळख फोडणं हाच गुन्हा आहे, पोलिसालाही.

बंदोबस्ताचं लोक फार कौतुकाने विचारतात. त्यात कौतुकासारखं काही नाही, पायांचं काम आहे. मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत, त्यात रंगपंचमीला पाय ठेवायला जागा नसते. नवरात्रात मोहटादेवीला रात्रभर पायी येणाऱ्या बायका. बूट अर्धा नंबर मोठा घे, मोज्यांचा दुसरा जोड पिशवीत, सोबत गूळ-शेंगदाणे. नेमून दिलेल्या जागेवर गेलीस की आधी शौचालय कुठे आहे ते बघून ये. ‘सोय नाही म्हणून पाणीच पीत नाही’ म्हणणाऱ्या पोरी मी पाहिल्यात, पुढे मूतखड्याने हैराण झाल्या. सोय नसेल तर बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याला तोंडावर सांग, लाजू नकोस. उभी राहशील ती पालखीकडे, स्टेजकडे पाठ करून. देव बघायला लोक आलेत, तू लोकांकडे बघायला आलीस. गर्दीत मंगळसूत्र मारणारी टोळी देवाकडे बघत नाही, गळ्यांकडे बघते, त्यावरूनच ती ओळखू येते. हरवलेलं पोर सापडलं तर ‘माझं आहे’ म्हणत धावत आलेल्या पहिल्या माणसाच्या हाती देऊ नकोस. पोराला नाव विचार, त्या माणसालाही विचार, पोर त्याच्याकडे झेप घेतं का बघ, मग नोंद करून दे.

बीट मिळालं की पोलीस पाटलाकडे जा, पण फक्त त्याच्याचकडे नको. किराणा दुकानदार, अंगणवाडी सेविका आणि एसटी स्टँडवरचा चहावाला यांना गावातलं खरं आधी कळतं. चहाचे पैसे द्यायचे. तो नको म्हणेल, तरी द्यायचे. आधी चहा, मग जेवण, मग ‘मॅडम, तेवढं बघा ना’, आणि शेवटी लाचलुचपतवाल्यांचा सापळा. 1064 हा नंबर आता खेड्यातल्या माणसालाही पाठ आहे.

आपल्या भागातलं एक प्रकरण तुझ्यापुढे हमखास येणार: उचल. मुकादमाने ऊसतोडीसाठी उचल म्हणून आगाऊ पैसे दिले, आणि कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, ठरल्या कारखान्यावर गेलंच नाही. मुकादम अर्ज घेऊन ठाण्यात येतो आणि म्हणतो, त्याला बोलावून घ्या, जरा समज द्या. तू त्याच घरांतून आलीस, दोन्ही बाजू तुला ठाऊक आहेत. मुकादमही कर्जानेच पैसा उचलतो. पण पैसे वसूल करून देणं हे पोलिसाचं काम नव्हे. उलट मजुराला, त्याच्या बायकापोरांना कुणी उचलीपायी डांबून ठेवलं, मारलं, तर तो गुन्हा आहे, आणि वेठबिगारीविरुद्ध 1976 पासून कायदा आहे. अशी तक्रार आली तर ‘हद्द आमची नाही, कारखान्याच्या ठाण्यात जा’ असं म्हणून परत पाठवू नकोस. हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल होतो, आणि फिर्यादीला फिर्यादीची प्रत फुकट द्यायची असते. हे ठाणे अंमलदाराला नम्रपणे आठवून देण्याइतकी तुझी वही तयार असू दे. अदखलपात्र असलं तरी नोंद करून पावती हातात दे. माणूस निम्मा शांत होतो.

छातीवर नावाची पाटी येईल. लोक नाव वाचत नाहीत, आडनाव वाचतात, आणि हा आपला की त्यांचा ते ठरवतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2025 मध्ये पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावंच काढली, चांगलं केलं. पण पाटी बदलून भागत नाही. आपल्या समाजाच्या ग्रुपमधून बाहेर पड, सगळ्यांतून. मोर्चा कुणाचाही असो, स्टेटस कोरं. वर्दीतला रील तर नकोच. त्यापायी निलंबित झालेल्यांची नावं तू पेपरात वाचतेसच.

पैशाचं थोडक्यात. मूळ पगार 21,700 पासून सुरू, भत्ते वेगळे. मुख्यालयाबाहेर कर्जवाले एजंट उभेच असतात. पहिल्या वर्षी काही उचलू नकोस. भावकीतल्या कुणाच्याही कर्जाला जामीन राहू नकोस, पोलिसाची सही सगळ्यांना हवी असते कारण पगारातून कापता येतं. माझी जुनी पेन्शन आहे, तुझी तशी नाही, तेव्हा साठवणीचं तुलाच बघायचंय. पदवी राहिली असेल तर मुक्त विद्यापीठातून पुरी कर, पुढे फौजदाराची परीक्षा देता येईल. जुने लोक म्हणतील, ‘अभ्यास करतेय, स्वतःला साहेब समजते’. म्हणू दे.

आणि पहिल्या सुट्टीला गावी येशील तेव्हा वर्दीत येऊ नकोस. आई म्हणेल, बायकांना दाखवायचं होतं. तिला फोटो दाखव. साध्या कपड्यात ये, एसटीत तिकीट काढून ये. बायकांना अर्धंच आहे, तेवढं काढ.