वाढत्या शहराची जमीन आणि वाहतूक : सुरतेच्या डिंडोलीचा एक अभ्यास

जमीन हा उत्पादनाचा पहिला घटक असून तिचा पुरवठा स्थिर असतो, हे आपण अर्थशास्त्राच्या तासाला शिकतो. परंतु शहराच्या कडेला असलेल्या शेतातून रस्ता कसा काढावा, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि रस्त्यामुळे वाढलेल्या किमतीचा लाभ कोणाच्या पदरात पडावा, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. बेळगावच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अपरिचित नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी जाणाऱ्या सुपीक जमिनीवरून शेतकऱ्यांनी केलेला विरोध आणि कोर्टाचे हेलपाटे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचले आहेत.

गेल्या उन्हाळी सुट्टीत सुरत शहराच्या डिंडोली भागात मामांकडे राहण्याचा योग आला. तेथे याच प्रश्नाचे एक निराळे उत्तर पाहावयास मिळाले. त्या उत्तराचा, त्यातील गुणदोषांसह, विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

डिंडोलीचे स्थान

डिंडोली हे सुरतेच्या आग्नेयेस असलेले मूळचे खेडे. त्याच्या पश्चिमेकडून मुंबई-अहमदाबाद हा मुख्य लोहमार्ग जातो. उत्तरेकडून उधना-जळगाव हा तापी खोऱ्याचा लोहमार्ग जातो. हा दुसरा मार्ग सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा असून विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याने सुरतेला खानदेशाशी जोडले आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव येथून निघालेला माणूस गाडी न बदलता उधन्यास उतरतो. यंत्रमाग आणि डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांत त्याला काम मिळते आणि परवडेल अशी जागा तो उधना, लिंबायत, डिंडोली या बाजूस शोधतो. म्हणूनच डिंडोलीच्या गल्ल्यांत मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते, गणपती आणि कानबाई दोन्ही बसतात.

सुरतेच्या वाढीचा वेग आकड्यांवरून ध्यानात येतो. १९९१ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ४४ लाखांवर गेली. २००६ साली महापालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आली आणि २०२० साली ती पुन्हा वाढून सुमारे ४६१ चौरस किलोमीटर झाली. अशा वाढीतच डिंडोलीसारखी गावे शहरात आली. म्हणजे काल ज्या जमिनीत ऊस किंवा भात होता, तेथे आज शाळा, गटार, पाण्याची टाकी आणि बसचा रस्ता पाहिजे. ही सर्व जागा आणावयाची कोठून?

संपादन की एकत्रीकरण?

जागा मिळविण्याचे सर्वपरिचित साधन म्हणजे भूसंपादन. १८९४ चा जुना कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला, नुकसानभरपाई वाढली. तरी तत्त्व तेच राहिले. ज्याच्या शेतातून रस्ता जातो तो आपली जमीन गमावतो. ज्याचे शेत रस्त्याच्या कडेला राहते त्याच्या जमिनीची किंमत मात्र काहीही न करता वाढते. दोघे शेजारी, बांधाला बांध. परंतु एकाचे नशीब नकाशावरच्या रेषेने बुडते आणि दुसऱ्याचे फळफळते.

गुजरातमध्ये यावर नगररचना योजना, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली 'टी.पी. स्कीम', हा उपाय वापरला जातो. एका भागातील सर्व जमीन कागदावर एकत्र केली जाते. तीतून रस्ते, बागा, शाळा, दवाखाने यांसाठी जागा काढली जाते. उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत दिली जाते. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण सहसा कोणाचीच पूर्ण जात नाही.

ही कल्पना केवळ आपली नाही. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरासाठी १९०२ साली असा कायदा झाला. जपानमध्ये १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोचा मोठा भाग याच पद्धतीने पुन्हा उभारला गेला. आपल्याकडे १९१५ साली मुंबई नगररचना कायदा झाला. त्या वेळी सुरत आणि बेळगाव ही दोन्ही शहरे मुंबई इलाख्यातच होती, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९५४ चा कायदा आला. गुजरातने १९७६ साली स्वतःचा नगररचना व नागरी विकास कायदा केला आणि त्यानुसार १९७८ साली सुरत नागरी विकास प्राधिकरण स्थापन झाले. १९९९ च्या दुरुस्तीने, योजनेचा मसुदा मंजूर होताच रस्त्याच्या जागेचा ताबा घेण्याची सोय झाली. त्यामुळे अंतिम निकालासाठी वर्षानुवर्षे रस्ता अडून राहणे कमी झाले.

कायद्याने सुचविलेली जमिनीची विभागणी साधारणपणे अशी आहे : रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा, मैदाने व मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, शाळा, दवाखाने इत्यादी सामाजिक सोयींसाठी ५ टक्के, खर्च भागविण्याकरिता विक्रीसाठी १५ टक्के आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्के. प्रत्यक्षात कपातीचे प्रमाण परिस्थितीनुसार कमी-अधिक असते.

एक हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास आकड्यांशिवाय समाधान वाटत नाही. म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याची १०,००० चौरस मीटर जमीन योजनेत आली. योजनेपूर्वीचा भाव चौरस मीटरला १,००० रुपये धरू. ४० टक्के कपात होऊन त्यास ६,००० चौरस मीटरचा अंतिम भूखंड मिळाला. रस्ता, पाणी व गटार झाल्यावरचा भाव ३,००० रुपये धरू.

(१) मूळ जमिनीची किंमत : १ कोटी रुपये.
(२) कमी झालेल्या ४,००० चौरस मीटरची जुन्या भावाने भरपाई : ४० लाख रुपये.
(३) अंतिम भूखंडाची जुन्या भावाने किंमत ६० लाख, नव्या भावाने १ कोटी ८० लाख. म्हणजे मूल्यवाढ १ कोटी २० लाख रुपये.
(४) कायद्याने या वाढीच्या जास्तीत जास्त निम्मी रक्कम अंशदान म्हणून घेता येते : ६० लाख रुपये.
(५) अंशदान ६० लाख वजा भरपाई ४० लाख. शेतकऱ्याने भरावयाची निव्वळ रक्कम २० लाख रुपये.

आता ताळेबंद पाहू. शेतकऱ्याजवळ १ कोटी ८० लाखांचा भूखंड आहे, त्यातून २० लाख द्यावयाचे आहेत. म्हणजे १ कोटीचे १ कोटी ६० लाख झाले. महापालिकेला रस्त्याची जागा विकत घ्यावी लागली नाही, उलट विकासासाठी काही रक्कम हाती आली. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड याच पद्धतीचा आधार घेऊन झाला. सुरतेच्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यासाठीही तिचाच अवलंब करण्यात आला.

मात्र हा सर्व हिशेब एका गृहीतावर उभा आहे : जमिनीचा भाव वाढलाच पाहिजे. वरील उदाहरणात नवा भाव ३,००० ऐवजी १,२०० रुपयेच झाला, तर भूखंड ७२ लाखांचा होईल. मूल्यवाढ १२ लाख, अंशदान ६ लाख. ते भरपाईतून वळते होऊन शेतकऱ्यास ३४ लाख मिळतील. एकूण १ कोटी ६ लाख. म्हणजे त्याचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो आणि महापालिकेच्या तिजोरीतून मात्र पैसा बाहेर जातो. म्हणून जेथे वाढीचा जोर आहे तेथेच ही पद्धत यशस्वी होते.

रस्ता झाला, प्रवासाचे काय?

डिंडोली आणि तिच्या शेजारच्या गावांसाठी गोडादरा-डिंडोली, डिंडोली-भेस्तान-भेडवाड अशा जोडनावांच्या योजना आहेत. योजनेतील रस्ते सरळ आणि रुंद आहेत. दोन्ही बाजूंस रो-हाउस आणि बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. परंतु सकाळी सातच्या सुमारास पाळी बदलते, त्या वेळी निराळे दृश्य दिसते. कामगारांपैकी पुष्कळांना पांडेसरा किंवा सचिनच्या औद्योगिक वसाहतीत जावयाचे असते. त्या मुख्य लोहमार्गाच्या पलीकडे आहेत. अंतर काही किलोमीटरांचेच, पण रूळ ओलांडण्याच्या जागा मोजक्या. त्यामुळे सायकली, दुचाकी आणि शेअर रिक्षा या साऱ्यांची पुलाजवळ कोंडी होते.

याचे कारण योजनेच्या रचनेतच आहे. टी.पी. स्कीम ही शेतांच्या सीमा धरून आखली जाते. रेल्वेची जमीन तिच्या कक्षेबाहेर असते. पूल बांधावयाचा तर रेल्वे, महापालिका आणि राज्य सरकार यांचे एकमत व्हावे लागते. नगररचनेत माणूस झोपतो कोठे याचा विचार झाला, तो कामाला जातो कोठे याचा पुरेसा झाला नाही, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

सुरतेत २०१४ साली बी.आर.टी.एस. बससेवा सुरू झाली आणि तिचे जाळे पुढे १०० किलोमीटरच्या आसपास गेले. २०२१ च्या जानेवारीत मेट्रोची पायाभरणी झाली. सरथाना ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली हे तिचे दोन मार्ग मिळून सुमारे ४० किलोमीटर भरतात. पण त्यांपैकी एकही डिंडोलीतून जात नाही. रुंद रस्ता असला म्हणजे बस येतेच असे नाही. रस्त्याचा खर्च एकदाच होतो, बसचा रोज करावा लागतो, आणि त्या रोजच्या खर्चाची तरतूद अंशदानाच्या हिशेबात नसते.

हिशेबात न बसलेली माणसे

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. योजनेचा मसुदा होण्यापूर्वीच अनेक शेतांत घरे उभी राहिलेली असतात. मामांचे घर असेच आहे. शेतमालकाकडून जमीन घेऊन एकाने तिचे लहान लहान प्लॉट पाडले. मामांनी मामींचे दागिने मोडून त्यातला एक घेतला. कागद म्हणजे स्टँप पेपरवरचा करार. पुढे योजना आली, रस्ता रुंद झाला आणि घराचा ओटा व पुढची पडवी गेली. फॉर्म एफ नावाच्या ज्या तक्त्यात प्रत्येक भूखंडाचा जमाखर्च मांडलेला असतो, त्यात मूळ शेतमालकाचेच नाव होते.

मी विचारले, "मामा, तुम्ही हरकत का घेतली नाही?"

ते म्हणाले, "अरे, नोटीस गुजरातीत. आणि ती ज्याच्या नावाची, त्याला गेली. रस्ता चांगलाच झाला, नाही म्हणत नाही. रात्री-अपरात्री अँब्युलन्स दारात येते. पण ओट्याचे पैसे मागायचे कोणाकडे?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. वर मांडलेल्या पाच ओळींच्या हिशेबात जमीनमालक आहे, महापालिका आहे. पण कच्च्या कागदावर घर घेणारा नाही, भाडेकरू नाही आणि त्या शेतात राबणारा मजूरही नाही. योजना जितकी उशिरा येते तितकी या मंडळींची संख्या वाढते आणि कपातीचा भार त्यांच्या ओट्यांवर येतो.

आपणांस बोध

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तरी कर्नाटकाच्या १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातही नगररचना योजनेची तरतूद आहे. महाराष्ट्रातही पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे आणि पनवेलकडील 'नैना' क्षेत्रात ही पद्धत वापरात आली आहे. म्हणजे साधन आपल्याजवळ आहे.

परंतु साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. टी.पी. स्कीम ही शेती सोडावयास निघालेल्या जमिनीसाठी आहे. ज्याला बासमती आणि भाजीपाला पिकवीतच राहावयाचे आहे, त्याला चौकोनी भूखंड देऊन त्याचे नुकसान भरून येत नाही; तेथे रस्ता दुसरीकडून नेता येईल काय, हाच पहिला प्रश्न असला पाहिजे. मात्र अनगोळ, वडगाव, कणबर्गी या बाजूंस शहर जसे पसरत आहे, ते पाहता जी जमीन बिनशेती होणारच आहे तिची आखणी घरे उभी राहण्यापूर्वी व्हावी. नोटीस तेथे राहणाऱ्यांच्या भाषेत निघावी आणि ती सात-बारावरील नावाबरोबर प्रत्यक्ष राहणाऱ्यासही मिळावी. रस्त्याबरोबर पुलाचा आणि बसचा खर्च त्याच कागदावर मांडला जावा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शहरालगत दोन-चार गुंठे तरी जमीन आहे. उद्या तिची नोटीस येईल तेव्हा ती वाचून, हिशेब तपासून, मुदतीत हरकत नोंदविण्याचे काम घरात आपल्यालाच करावे लागेल. वाणिज्य शाखेच्या शिक्षणाचा तेवढा उपयोग आपण घरच्यांना निश्चितच करून देऊ शकतो.